शेतीशाळेचे सल्लागार व त्यांचे पूर्वव्यवसाय
(धर्मग्रामाच्या जयंती-महोत्सवात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी गत इतिहास सांगावा व उपकारकर्त्यांचे आभार मानावेत, असा प्रघात आहे. ते कार्य आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले असल्यामुळे आम्ही त्यात हात घालीत नाही. आम्हांस नेमून दिलेला विषय निराळा आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात शेतकऱ्यास शिक्षण देणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्यांत सल्लागार व तज्ज्ञ म्हणून बसणारी मंडळी मूळची कोणत्या व्यवसायाची असतात, आणि त्या व्यवसायाचा त्यांच्या सल्ल्यावर काय परिणाम होतो, हे पाहावयाचे आहे. विषय ऐकून काहींच्या कपाळास आठ्या पडल्या, हे आम्ही येथून पाहत आहोत. तथापि ज्याची वर्षाची भाकरी एका सल्ल्यावर तरते किंवा बुडते, त्यास हा विषय रुक्ष वाटण्याचे कारण नाही.

परभणीस शेतीच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. निजामाच्या राजवटीत १९१८ साली येथे शेतीचे मुख्य प्रयोगक्षेत्र निघाले. त्या राज्यात दरबारची भाषा उर्दू आणि शेतकऱ्याची मराठी. तेव्हा प्रयोगक्षेत्रावर सिद्ध झालेली गोष्ट बांधापर्यंत पोहोचण्यास दोन भाषांचे ओढे ओलांडावे लागत असतील, हे उघड आहे. पुढे १९५६ साली कृषी महाविद्यालय झाले, आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक ह्यांचे नाव आहे. विद्यापीठ पदवीधरांस शिकविते. परंतु ज्यास पदवी नको, केवळ आपल्या शेताचे नीट व्हावे एवढेच हवे, त्याच्यासाठी कृषी विज्ञान केंद्र ही निराळी शाळा आहे. तिला फळा नाही, परीक्षा नाही. असे केंद्र परभणीतही आहे.

ही कल्पना देशात ज्या समितीच्या शिफारशीने रूढ झाली, तिचे अध्यक्ष मोहनसिंह मेहता हे शेतीशास्त्रज्ञ नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते उदयपूरचे शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९३१ साली तेथे विद्याभवन ही शाळा काढली होती, परराष्ट्रात भारताचे प्रतिनिधित्व केले होते आणि राजस्थान विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले होते. करून शिकावे हे तत्त्व त्यांनी मुलांच्या शाळेतून प्रौढ शेतकऱ्याच्या शाळेत आणले. पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीस निघाले.

अशा प्रत्येक केंद्रास सोळा पदे मंजूर असतात. एक प्रमुख शास्त्रज्ञ; त्याच्या हाताखाली सहा विषय तज्ज्ञ, म्हणजे पीकशास्त्र, फळबाग, पीकसंरक्षण, पशुसंवर्धन, गृहविज्ञान, विस्तारशिक्षण अशा शाखांतून त्या जिल्ह्याच्या गरजेप्रमाणे निवडलेले; एक प्रक्षेत्र व्यवस्थापक; आणि बाकीचे साहाय्यक, कारकून व वाहनचालक. (गावोगावचे रस्ते आणि गावोगावची खरी हकीकत वाहनचालकासच अधिक ठाऊक असते, परंतु त्यास सभेत कोणी विचारीत नाही.) ह्या मंडळींवर वर्षाचे काम तपासण्यास एक वैज्ञानिक सल्लागार समिती असते. तीत विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, सरकारी खात्यांचे अधिकारी, बँकेचा मनुष्य, तसेच शेतकरी व शेतकरी स्त्रिया ह्यांचे प्रतिनिधी बसतात.

आता कोणी म्हणेल की, एवढे निरनिराळे लोक कशास? शेतीचे चांगले पदवीधर चार असले म्हणजे पुरे. आमचे मत असे नाही, आणि त्याचे कारण आम्ही एका जुन्या गृहस्थाच्या उदाहरणाने सांगतो.

डॉ. हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. चहाच्या मळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रीय अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले, आणि १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माती व पाणी ह्यांचे पृथक्करण करणारा हा मनुष्य. त्याने पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे एक लहानसे गाव अभ्यासास घेतले. मातीची परीक्षा झाली, पिकांची झाली, आणि मग हा रसायनशास्त्रज्ञ घरोघरची जमीन, घरोघरचे उत्पन्न व घरोघरचे कर्ज मोजू लागला. ना. वि. कानिटकर हे त्यांचे सहकारी. १९१७ साली त्यांचे पुस्तक निघाले, त्याचा निष्कर्ष असा की, बहुतेक कुटुंबांची जमीन इतकी थोडी व इतक्या तुकड्यांत विखुरलेली होती की, तेवढ्यावर त्यांचे पोट भरणे शक्यच नव्हते. गावाचे दुखणे केवळ मातीत नव्हते. ते वाटणीत आणि सावकाराच्या वहीत होते. हे मॅनसाहेबांस दिसले, कारण ते आपल्या शास्त्राच्या कुंपणाबाहेर गेले. सगळेच जातात असे नाही. बहुधा मनुष्य आपल्या धंद्याच्या डोळ्यांनीच पाहतो, आणि म्हणून डोळ्यांची जोडी एकच असून भागत नाही.

महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांस ज्यांची नावे दिली आहेत, त्यांचे व्यवसाय पाहिले तरी हेच दिसते. वसंतराव नाईक वकील. नागपुरास कायदा शिकून पुसदला वकिली करीत. अकोल्याच्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे ते पंजाबराव देशमुख बॅरिस्टर. वैदिक वाङ्मयातील धर्म ह्या विषयाचा त्यांचा व्यासंग, आणि पुढे ते देशाचे कृषिमंत्री. राहुरीच्या विद्यापीठास नाव महात्मा फुले ह्यांचे. ते शाळा चालवीत आणि सरकारी बांधकामांची कंत्राटेही घेत. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तत्पूर्वी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत फिरत. नांगर विकणाऱ्यास कोणत्या घरी पैसा आहे व कोणत्या घरी केवळ इच्छा आहे हे उंबऱ्यावरच कळते. ते ज्ञान त्यांस वसतिगृहे काढताना उपयोगी पडले असेल, असा आमचा तर्क आहे.

परंतु ह्यावरून पदवीची किंमत नाही असे कोणी समजू नये. भेंडीचेच पाहा. भेंडीवर केवडा पडतो, पाने पिवळी होतात आणि पीक हातचे जाते, हे आपण सर्व जाणतो. ‘पुसा सावनी’ हे वाण प्रथम ह्या रोगास दाद देत नसे. पुढे तेही त्यास बळी पडू लागले. परभणीच्या विद्यापीठातील जांभळे व नेरकर ह्या पैदासकारांनी त्या वाणाचा भेंडीच्या एका रानटी जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे वाण सिद्ध केले, आणि १९८६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. हे काम अनुभवी शेतकऱ्याच्या हातून होणारे नव्हे. रानटी जातीतील प्रतिकारशक्ती घ्यावयाची आणि तिचे नको असलेले गुण पिढ्यान्‌पिढ्या गाळीत जावयाचे, ह्यास शास्त्रच लागते. मात्र भेंडी तोडणाऱ्या बाईच्या बोटांस लव टोचून खाज सुटते, ही गोष्ट पैदासकाराच्या वहीत येत नाही. ती गृहविज्ञानाच्या शाखेतून आलेल्या तज्ज्ञाला दिसते, कारण तिचा विषयच बाईच्या कष्टांचा आहे.

कापसाचे उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २००२ साली देशात बीटी कापसास परवानगी मिळाली. काही वर्षे बोंडअळीची चिंता मिटल्यासारखी वाटली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या विषास दाद देण्याचे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यात हाहाकार झाला. कीटकशास्त्रज्ञाचा सल्ला स्पष्ट आहे: हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आढळले की उपाय सुरू करा, डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा, डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात वा बांधावर रचून ठेवू नका, कारण त्यांवर राहिलेल्या बोंडांत अळी दडून बसते. शास्त्राच्या दृष्टीने ह्यात एक अक्षर चुकीचे नाही.

परंतु फरदड शेतकरी हौसेने घेत नाही. पहिल्या वेचणीचा पैसा दुकानदाराच्या उधारीत गेलेला असतो. कालव्याचे पाणी आले तर आणखी दोन वेचण्या होतील, आणि तेवढेच काय ते हाती उरेल, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब कीटकशास्त्रज्ञाच्या शास्त्रात नाही. तो बँकेच्या मनुष्यास व शेतकरी प्रतिनिधीस कळतो. पऱ्हाट्यांचेही तसेच. त्या जाळा म्हणून सांगणे सोपे आहे. परंतु गरिबाच्या घरी पऱ्हाटी हे वर्षाचे सरपण आहे. चुलीपाशी बसणाऱ्या बाईस विचारल्यावाचून दिलेला हा सल्ला पाळला जाणार नाही. पशुसंवर्धनाचा तज्ज्ञ त्याच बैठकीत असेल तर तो म्हणेल की, शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्यामेंढ्या सोडा, त्या उरलीसुरली बोंडे खाऊन टाकतील. मग मागे राहिलेल्या काड्यांतून धोका पुष्कळ कमी झालेला असतो. एकच अळी, पण तिच्याकडे चार व्यवसायांचे लोक चार बाजूंनी पाहतात.

वस्तुतः आपल्या गावात सर्वांत अधिक सल्ला विचारला जातो तो विद्यापीठास नव्हे, तर बी-बियाणे व औषधांच्या दुकानदारास. तो जवळ असतो, उधार देतो, आणि पान कसे झाले आहे ते दाखविले की बाटली काढून देतो. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जो विकतो तोच सल्ला देतो, तेव्हा ह्या दोन कामांत अंतर राहत नाही. हैदराबादच्या कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ साली अशा दुकानदारांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम काढला. दुकानदार शाळेत जाऊ लागला ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही त्यास इतके विचारावे: हे औषध न मारता चालेल काय? ह्या प्रश्नावर त्याचा चेहरा पाहावा.

आमच्या धर्मग्रामातील मंडळींशी ज्याचा निकटचा संबंध आहे, ती गोष्ट आता सांगतो. शेतकऱ्याचा प्रतिनिधी समितीत बसला म्हणजे शेतमजुराचाही बसला, असे समजणे बरोबर नाही. आपल्यापैकी कित्येकांस स्वतःची गुंठाभर जमीन नाही. पंप पाठीवर घेणारा बहुधा मालक नसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते आणि मजूरही होते. औषध किती घालावे हे सांगणारा तज्ज्ञ असतो. परंतु ते औषध मारणाऱ्याच्या अंगावर उडाले, श्वासातून आत गेले, तर काय करावे, हे कोणी सांगावयाचे? ते ज्ञान शेतीच्या पदवीत दुय्यम आहे. ते वैद्याचे आहे. म्हणून शेतीशाळेच्या सल्लागारांत एखादा डॉक्टर किंवा अनुभवी परिचारिका असावी, असे आमचे ठाम मत आहे, आणि ते आम्ही संबंधित मंडळींच्या कानावर घालणार आहोत.

व्यवसायाने एक आणि कामाने दुसरे, असे लोक आपल्या ख्रिस्तसभेतही झालेले आहेत. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाकर १९४८ साली भारतात आले. ते धर्मगुरू होते, अभियंते नव्हते. परंतु अहमदनगरच्या दुष्काळी भागात त्यांनी डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचे काम गावकऱ्यांच्या श्रमांतून उभे केले, आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह पाणलोट विकासासाठी संस्था स्थापन केली. अभियंते त्यांनी सोबत घेतले. गाव एकत्र बसविणे हे काम मात्र अभियंत्याचे नव्हते.

आपल्या कुटुंबांतून परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मुली आहेत. काही आज येथे बसल्या आहेत. त्यांस आमची विनंती आहे की, पुढील हंगामापूर्वी एका रविवारी दुपारी त्यांनी फवारणीस जाणाऱ्या मंडळींस एवढे समजावून द्यावे. उपाशी पोटी, वाऱ्याच्या तोंडास उभे राहून आणि भर उन्हात औषध मारू नये. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र कालवू नयेत. तोंड बंद झालेला नोझल तोंडाने फुंकू नये. फवारताना घाम व लाळ सुटली, मळमळले, दृष्टी अंधुक झाली, किंवा डोळ्यांतील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी लहान दिसू लागली, तर काम तत्काळ थांबवावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णास दवाखान्यात न्यावे. आणि नेताना औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे कोणते विष पोटात गेले हे डॉक्टरास विचारीत बसावे लागणार नाही.