जोडा पायाला बसावा

चालणें ही कांहीं शिकवावी लागणारी विद्या नव्हे, अशी खेडेगांवांतील माणसाची समजूत असते, आणि ती बहुतांशीं खरीही आहे. घोड नदीच्या कांठच्या कळंबचा शेतकरी जन्मभर बांधावरून, ढेकळांतून आणि मंचरच्या बाजाराच्या वाटेनें चालत आलेला असतो. पण साठी उलटते, शेत धाकट्याच्या हातीं जातें, रक्तांत साखर सांपडते, आणि डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चाला." मग प्रश्न पडतो कीं, चालावें कोठें? पुणें-नाशिक रस्त्यावर मोटारींची वर्दळ अखंड. आंतल्या वाटेनें जावें तर दोहों बाजूंस ऊस, आणि जुन्नर-आंबेगांवच्या उसांत बिबट्याचा वावर आतां कोणास नवा नाहीं. सांपडलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोह येथें निवारा केंद्रच चालविलें जातें. पहांटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे नेमक्या फिरावयाच्या वेळीं, एकट्यानें बाहेर पडणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून शहरांत नोकरीस असलेला थोरला मुलगा घरीं ट्रेडमिल, म्हणजे विजेवर चालणारा पट्टा, आणून ठेवतो. त्याबरोबर एक चकचकीत जोडाही आणतो. "आबा, बसतो ना?" असें विचारतो. "बसतो रे, होईल सैल हळूहळू," असें म्हातारा म्हणतो. घोटाळा होतो तो येथेंच.

या यंत्राचा पूर्वेतिहास मोठा विचित्र आहे. सन १८१८ मध्यें विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्यानें तुरुंगांतील कैद्यांकरितां पायचक्की तयार केली. तिच्या फिरत्या पायऱ्यांवर तासन् तास चढत राहावयाचें, हीच शिक्षा. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंत सिॲटल येथें डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनीं हृदयाच्या परीक्षेसाठीं चालता पट्टा बनविला. शिक्षेचें साधन अशा रीतीनें आरोग्याच्या कामीं आलें. मात्र जोडा चुकीचा असला, तर तेंच यंत्र पुन्हां शिक्षा करूं लागतें.

शेतांत प्रत्येक पाऊल निराळें पडतें. कोठें खड्डा, कोठें उंचवटा, कोठें वळण. त्यामुळें भारही पायाच्या निरनिराळ्या भागांवर येतो. पट्ट्यावर मात्र एकच पाऊल पुनःपुन्हां पडत राहतें. मिनिटास १०० पावलें धरलीं, तर ३० मिनिटांत ३,००० होतात, म्हणजे एकेका पायास १,५००. जोड्याची शिवण करंगळीस लागत असेल, तर ती दीड हजार वेळां त्याच जागीं लागणार. अनवाणी चालावें तर पट्ट्याच्या घर्षणानें तळवा सोलवटतो. चप्पल घालावी तर टांच मोकळी राहते आणि बोटांनीं ती धरून ठेवावी लागते. माणूस अडखळला म्हणून पट्टा आपण होऊन थांबेल, असें धरून चालतां येत नाहीं.

मधुमेह असणाऱ्यास तर याहून मोठें भय आहे. रोग जुना झाला म्हणजे पायांच्या नसांची संवेदना मंद होऊं शकते. जोडा चावतो, पण चावल्याचें कळत नाहीं. फोड येतो, फुटतो, त्यांत जंतु शिरतात. रक्ताचा पुरवठा कमी झालेला असेल, तर जखम लवकर भरत नाहीं. एखाद्यास बोट, कधीं पाऊलही गमवावें लागतें, आणि त्याचा आरंभ एका घट्ट जोड्यांत झालेला असूं शकतो. सन १९४६ पासून वेल्लोर येथें काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या बाबतींत हेंच दाखवून दिलें. त्यांचीं पावलें आपोआप झडत नव्हतीं. वेदना न कळल्यामुळें इजा होऊन झिजत होतीं. म्हणून मऊ रबरी तळाचीं पादत्राणें त्यांना देण्यांत येऊं लागलीं, आणि पुढें हाच विचार मधुमेही रुग्णांसही लागू झाला. वेदना ही पायाची राखण करते. ती झोंपी गेली, तर राखणीचें काम डोळ्यांनीं आणि हातांनीं करावें लागतें.

आतां जोडा निवडावा कसा? बेल्जमच्या संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत भारतांतील अनवाणी चालणाऱ्यांचीं पावलें मोजलीं होतीं. तीं पुढच्या बाजूस अधिक रुंद आढळलीं. कळंबच्या शेतकऱ्याचा पायही असाच पसरट असण्याचा संभव पुष्कळ. आपल्याकडे प्रचलित असलेल्या इंग्रजी क्रमांकांत एका अंकाचा फरक म्हणजे तृतीयांश इंच, सुमारें साडेआठ मिलिमीटर. पण हा अंक लांबी सांगतो, रुंदी नव्हे. म्हणून केवळ "आठ नंबर" सांगून दुसऱ्याकडून जोडा आणवूं नये. पाय घेऊन दुकानांत जावें.

जावें तें सायंकाळीं, कारण दिवसभरांत पाय किंचित् सुजतात. जे मोजे घालून चालावयाचें, तेच घालून माप पाहावें. कागदावर उभें राहून दोन्ही पायांची आंखणी करावी. ती कापून जोड्यांत घातल्यावर कागद दुमडला, तर जोडा अरुंद आहे असें समजावें. दोहोंपैकीं मोठ्या पायास जो बसेल तोच घ्यावा. उभें राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, बोटें आंत मोकळीं हालावीं, टांच वर सरकूं नये. जोडा बोटांच्या मुळाशीं वांकावा, मध्येंच नव्हे. आंत हात घालून शिवण, गांठ, खडा चांचपून पाहावा. दुकानांतच कांहीं वेळ चालावें. "सैल होईल" या आश्वासनावर जोडा घेऊं नये.

नवा जोडा प्रथम १०-१५ मिनिटांपुरताच वापरावा आणि उतरल्यावर तळवे आरशांत पाहावे. लाली, फोड किंवा ओल दिसली, तर तो जोडा बाजूस ठेवावा. पाय बधिर वाटत असतील किंवा जखम असेल, तर डॉक्टरांना दाखविल्यावांचून पट्ट्यावर चढूं नये.

मुलानें प्रेमानें आणलेला जोडा चावतो, हें सांगणें बापाला जड जातें. परंतु त्या संकोचाची किंमत पायाला द्यावी लागते. म्हणून म्हाताऱ्यानें नि:संकोच सांगावें, "हा बदलून आण, बाळ," आणि मुलानेंही विचारतांना नुसत्या "बसतो"वर समाधान न मानतां खालीं बसून बापाचें पाऊल एकदां हातीं घेऊन पाहावें.