शब्दांची रुजुवात



दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावरील दोन वास्तू मराठी माणसाच्या परिचयाच्या आहेत : एक जुने महाराष्ट्र सदन आणि दुसरी, फिरोजशाह मार्गाच्या कोपऱ्यावरील रवींद्र भवन. या भवनात साहित्य अकादमीचे कार्यालय आहे. २०१० सालचा मराठीचा अकादमी पुरस्कार ‘रुजुवात’ या समीक्षाग्रंथास मिळाला. ग्रंथकर्ते होते भाषावैज्ञानिक डॉ. अशोक रामचंद्र केळकर.

१९२९ साली पुण्यात जन्मलेल्या केळकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीची ध्वनिव्यवस्था व रूपव्यवस्था यांवर प्रबंध लिहून १९५८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तत्पूर्वी, १९५७ साली, मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवरील त्यांचा निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. ज्या उच्चारांची पुष्कळांना लाज वाटते, ते त्यांनी अभ्यासाचा विषय मानले.

यामागील तत्त्व घरगुती उदाहरणाने कळते. शाळेची गाडी मराठी मूल ‘व्हॅन’ अशी लिहिते, हिंदी मूल ‘वैन’ अशी. शब्द एकच, प्रत्येकाने तो आपापल्या भाषेच्या मापाने मोजला. यात गोंधळ नाही, नियम आहे; आणि नियम उमगला की उच्चार शिकवताही येतो.

अर्थाचेही तसेच आहे. मराठीतील नातेवाचक शब्दांचा केळकरांनी अभ्यास केला. चुलत, मामे, आते, मावस अशा सर्व भावंडांना इंग्रजीत मिळून एकच शब्द, ‘कझिन’. मराठी माणूस ‘कझिन ब्रदर’ म्हणतो, तेव्हा तो मराठीची निकड इंग्रजीत भागवत असतो.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. हिंदी-उर्दूवरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली निघाला. मराठी अभ्यास परिषदेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

पाल्य इंग्रजीत मागे पडेल, ही पालकांची धास्ती एका विद्वानाच्या कीर्तीने दूर होणार नाही. त्यासाठी शाळेने इंग्रजी उत्तमच शिकवली पाहिजे. मात्र ‘रुजुवात’ म्हणजे नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहणे. मूळ प्रतच हाती नसेल, तर ताडायचे कशाशी? दुसरी भाषा जोखण्यासाठी पहिली पक्की असावी लागते. ती पक्की करणे हेच मराठी शाळेचे काम आहे.