बाईंच्या कानावर घालावं का?

कोहमाऱ्याच्या शाळेतून पहिलीतलं लेकरू रडवेलं होऊन घरी आलं, तर आधी त्याला जवळ घ्या, निवांत ऐकून घ्या. बसायच्या जागेवरून झालेलं भांडण दोन दिवसांत मिटतं. पण शाळेची वेळ झाली की रोज पोट दुखत असेल, झोपेत दचकत असेल, तर शाळा सुटल्यावर बाईंना भेटा. "वर्गात हा कसा असतो?" इथून सुरुवात करा. मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल, तर मात्र थांबू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं दोन्हींवर बंदी आहे. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथं विषय मांडा. लहानग्याची बाजू मोठ्यांनीच मांडायची असते.