अर्धा तुकडाही पुरतो

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सॉफ्टवेअरवर काहीतरी बोल' असं मला सांगण्यात आलं होतं. पण ते तुमची मुलं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी सुतारकामावर बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरची दारं-खिडक्या माझ्या आबांनी केलेल्या आहेत, तेव्हा तेवढा हक्क मला असावा.

२०२१ च्या जुलैत पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं. शुक नदीचा पूर आपल्याला नवा नाही, पण त्या खेपेला आमच्या देव्हाऱ्याची कमान गेली. आजोबांनी फणसाच्या फळीतून आरपार कातरलेली, पानावेलींची. उजवी बाजू फुगून फाटली, डावी वाचली. आबा तेव्हा ७६ वर्षांचे, हात थरथरणारे. म्हणाले, "आता इकतची आणा." ते मला सहन झालं नाही. दहावीपर्यंत मी त्यांच्या कामाच्या जागी बसून भुसा गोळा केला, पण पटाशी कधी हातात घेतली नाही. त्यांनी दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

पुण्याला परतल्यावर मी ट्रिमर घेतला. सनमायकाच्या कडा काढायला सुतार वापरतात तो, एका हातात मावणारा राउटर. त्यात एक बिट बसतं, फ्लश ट्रिम. त्याला पात्याच्याच व्यासाचं बेअरिंग असतं, कधी टोकाला, कधी दांड्याकडे. बेअरिंग साच्याच्या कडेवरून फिरतं आणि पातं बरोबर तेवढंच लाकूड काढतं. साचा जसा, तसं लाकूड. नेहमीचं अर्धा इंची बिट पानांच्या मधल्या खाचांत शिरेना, म्हणून पाव इंची आणलं.

वाचलेल्या बाजूवर कागद ठेवून पेन्सिल घासली, कागद उलटा केला आणि त्यावरून सहा मिलिमीटरच्या एमडीएफचा साचा कापला. तो दुहेरी टेपने फळीवर चिकटवला. इथपर्यंत सोपं वाटलं. मग चुका सुरू झाल्या.

पहिलं बिट मी मोडलं. एवढं बारीक पातं खूप लाकूड एका दमात घेऊ शकत नाही. आधी जिगसॉने रेषेबाहेर अर्धं सूत ठेवून कापायचं, आणि ट्रिमरने फक्त ते अर्धं सूत काढायचं, तेही दोन-तीन फेऱ्यांत, खोली वाढवत. दुसऱ्या वेळी एका पानाचं टोक उडालं, कारण मी लाकडाच्या रेषेविरुद्ध गेले होते. बाहेरच्या कडेने ट्रिमर घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचा, आतल्या छिद्रात घड्याळाच्या दिशेने. तरीही जिथे रेषा उलटी येते तिथे हलका हात ठेवावा लागतो, किंवा फळी पालथी करून दुसऱ्या टोकाला बेअरिंग असलेलं बिट लावावं लागतं.

कोणी हे करून बघणार असेल तर आणखी एक सांगते. सहा मिलिमीटरचा दांडा आणि पाव इंची दांडा दिसायला सारखेच. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहाचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये घट्ट बसत नाही आणि चालू मशीनमधून निसटू शकतो. बिट बदलताना प्लग काढायचा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावायचा.

तिसरी कमान चांगली झाली असं मला वाटलं. गणपतीला येताना घेऊन आले. आबांनी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं आणि एका पानावर थांबले. तिथे उंचवटा होता, दिसत नव्हता पण बोटाला लागत होता. साच्यात माझी कानस नीट फिरली नव्हती, आणि बिटाने ती चूक इमानेइतबारे लाकडात उतरवली होती. आमच्या प्रोग्रॅममध्येही हेच होतं, एका जागची चूक प्रत्येक प्रतीत जाते. त्या दिवसापासून मी निम्मा वेळ साच्यावरच घालवते.

चौथी कमान मी आबांच्या समोर, पडवीत केली. पाव इंची बिट कितीही चांगलं असलं तरी आतल्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरची गोलाई सोडतंच. आजोबांच्या पानांचे कोपरे टोकदार होते. मी म्हटलं, "आबा, एवढं चालेल ना?" ते म्हणाले, "मशीन कोपऱ्यापर्यंत जाता गो. कोपरो हातानंच काढूक होयो." आणि आतून आजोबांची पटाशी आणून माझ्या हातात दिली. त्यांनी फळी दाबून धरली, मी कोपरे काढले. एकूण बावीस. सहा बिघडले. ते आजही बिघडलेलेच आहेत, आबांनी बदलू दिले नाहीत. नवी कमान पिवळी दिसते, देव्हारा तपकिरी. फणसाचं लाकूड हळूहळू गडद होतं, त्यामुळे काही वर्षांनी फरक कळणार नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? आपल्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे ते शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटामुळे, शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा. तांबं हजार वर्षं टिकलं. लाकडाला एक पूर आणि थोडी वाळवी पुरते. जुनी घरं पाडताना कोरीव कठडे, तुळयांखालचे हात, देव्हाऱ्यांच्या कमानी चुलीत जाताना मी पाहिल्या आहेत. ते करणारे हात आता फार थोडे उरलेत. आबा आज ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून माझी विनंती एवढीच. घर पाडण्याआधी, दुरुस्तीआधी, असा एखादा तुकडा बाजूला काढून ठेवा. मोडका असला तरी चालेल, अर्धा असला तरी पुरतो. तेही जमत नसेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो कागद मला द्या. मे महिन्यात मी पंधरा दिवस गावी असते, साचे मी करीन. ज्यांना शिकायचंय त्यांनी पडवीत यावं, मुलींना घेऊन यावं. पटाशी मागायची वाट बघू नका, मी आधीच देईन.