रक्ताच्या थेंबातील विळा



धानाच्या कापणीचा विळा गोंदिया जिल्ह्यातील लहान मुलांनाही परिचित आहे. त्याच आकाराच्या पेशी येथील काही कुटुंबांच्या रक्तात आढळतात. निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते. ती केसाहून बारीक वाहिनीतूनही सहज सरकते. सिकलसेल या आनुवंशिक विकारात प्राणवायू कमी पडताच ती विळ्यासारखी वाकून ताठर होते. अशा पेशी वाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखू लागतात आणि रक्तक्षय जडतो. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले.

देवरी-सालेकसासारख्या आदिवासी भागात या तपासणीचे मोल फार मोठे आहे. मात्र हा विकार अन्य समाजांतही आढळतो. प्राथमिक चाचणीत बोटातील थेंबभर रक्त विशिष्ट द्रावणात मिसळतात. द्रावण गढूळ झाले, तर दोष आहे एवढेच समजते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढील तपासणी आवश्यक असते.

हा भेद गावाला समजला नाही, तर अनर्थ होतो. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो; तरीही अर्धवट निष्कर्षावरून एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. खरा धोका आईवडील दोघेही वाहक असताना असतो. अशा वेळी प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून पत्रिकेआधी दोन्ही घरच्या रक्ताचा अहवाल पाहावा, आणि तो गुप्त ठेवावा.

वारंवार गैरहजर राहणारा विद्यार्थी आळशीच असेल, असे शिक्षकांनी गृहीत धरू नये. रुग्ण मुलाला वर्गात पाणी पिऊ द्यावे. उन्हात धावण्याची सक्ती करू नये. थंडी, ताप व शरीरातील पाण्याची कमतरता यांनी वेदना उसळतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली नियमित घेतल्यास त्या कमी होतात.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. यंत्रे व औषधे शासन पुरवील. परंतु थेंबभर रक्त देण्याचा विश्वास गावातच निर्माण व्हावा लागेल. ग्रामसभेत पंचांनी प्रथम स्वतःचे बोट पुढे केले, तर गाव मागे राहणार नाही.