पोटातले जंतू : घरचे आणि वैरी



पोटाचा विषय निघाला की श्रोत्यांना पथ्यपाणी आणि पाचक चूर्णे यांची अपेक्षा असते. आज मी बोलणार आहे ते मात्र अशा दुखण्याविषयी, की ज्यात चूर्णाचा उपयोग नाही आणि एका रात्रीचा उशीरही महागात पडतो. अपेंडिक्स फुटणे, जठराजवळचा व्रण फुटणे, विषमज्वरात आतड्याला भोक पडणे ही त्याची नेहमीची कारणे. चालत्याबोलत्या माणसाला घरी बसल्या हे दुखणे गाठते.

यातले जंतू येतात कोठून? पटकीचे जंतू पाण्यातून येतात, क्षयाचे हवेतून. येथे बहुधा तसे नाही. हे जंतू आपल्या घरचेच असतात. जठरात आम्ल असल्यामुळे तेथे त्यांची वस्ती विरळ. खाली जावे तसतशी ती दाट होते, आणि मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळात त्यांची संख्या शंभर अब्जांच्या घरात जाते. एरवी हे रहिवासी निरुपद्रवी, किंबहुना उपयोगीच. पण आतड्याची भिंत फुटून तेच पोटाच्या पोकळीत उतरले, की जिवावर बेतते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

यांत दोन जाती मुख्य. पहिली एशेरिकिया कोलाय. थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या मळातील या जंतूचे वर्णन केले. दुसरी बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस. हिला प्राणवायू सोसत नाही. अशा जंतूंचा अपेंडिक्सच्या पुवातील वावर १८९८ साली पॅरिसमध्ये वेयाँ आणि झ्यूबेर यांनी दाखवून दिला. मोठ्या आतड्यात या दुसऱ्या वर्गाची संख्या पहिलीच्या शेकडो पट असते.

दोघींचे काम वेगवेगळे आहे. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले उंदरांवरील प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. उंदरांच्या पोटात आतड्यातील मळ मुद्दाम सोडला, तेव्हा काही उंदीर पहिल्या दिवसांतच दगावले, आणि जे वाचले त्यांच्या पोटात पुढे गळवे झाली. एका गटाला जेंटामायसिन दिले. हे कोलायवर चालते. मृत्यू फार घटले, पण वाचलेल्या जवळजवळ सर्वांना गळवे झाली. दुसऱ्या गटाला क्लिंडामायसिन दिले. हे प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंवर चालते. गळवे थांबली, पण मृत्यू थांबले नाहीत. दोन्ही औषधे एकत्र दिली, तेव्हा दोन्ही संकटे टळली. पहिला जंतू आरंभीच मारतो, दुसरा मागाहून सडवतो. म्हणूनच डॉक्टर आज सेफ्ट्रिअॅक्सोनसारख्या औषधाला मेट्रोनिडॅझोलची जोड देतात. दोन सुया पाहून कोणी त्यांच्यावर उधळपट्टीचा आरोप करू नये!

परंतु औषध हा येथे सेनापती नव्हे, साहाय्यक आहे. जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा सोहळा दोन दिवसांवर आला असता त्याच्या पोटात अपेंडिक्समुळे पू झाल्याचे ठरले. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी शस्त्रक्रिया करून तो काढला, आणि ९ ऑगस्टला राजाच्या मस्तकी मुकुट चढला. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा सव्वीस वर्षे अवकाश होता. राजा वाचला तो पुवाला वाट मिळाली म्हणून. साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. भोक बुजविले पाहिजे, पू काढला पाहिजे.

ते काम चोख झाले, तर औषधही थोडे दिवस पुरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत ५१८ रोग्यांची पाहणी झाली. एका गटाला सुमारे चार दिवस औषध दिले, दुसऱ्याला सुमारे आठ दिवस. नंतरचे उपद्रव दोन्हीकडे सारखेच, शेकडा बावीसच्या आसपास निघाले. न फुटलेले अपेंडिक्स केवळ औषधावर शमू शकते, हेही खरे. पण २०२० सालच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत अशा दहांपैकी तिघांना तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली. निवड सर्जनने तपासून करावयाची, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जंतू घरचे, म्हणून त्यांची जडणघडणही आपल्याच हाती. सर्दी झाली, घे गोळी. जुलाब झाले, घे गोळी. उरलेली पाकिटे कपाटात! अशी प्रत्येक गोळी आतड्यातून जाते, दुबळ्या जंतूंना मारते आणि दांडग्यांना रान मोकळे करून देते. भारतातील मोठ्या रुग्णालयांत रोग्यांपासून मिळालेल्या कोलाय जंतूंपैकी निम्म्याहून अधिक सेफ्ट्रिअॅक्सोनसारख्या औषधांना दाद देत नाहीत, आणि असे जंतू निरोगी माणसांच्या आतड्यांतही आढळतात. १ मार्च २०१४ पासून अशी अनेक औषधे चिठ्ठीवाचून न विकण्याचा कडक नियम अमलात आला. पण गिऱ्हाइकाने आग्रह धरला तर नियम काय करणार? मग ज्या दिवशी अपेंडिक्स फुटते, त्या दिवशी बाहेर पडतात ते आपणच पोसलेले हे दांडगे. डॉक्टरला मेरोपेनेमसारखे राखीव अस्त्र काढावे लागते. आणि राखीव अस्त्रे काही अगणित नाहीत.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, ओकारी आली, अन्नावरची वासना उडाली, खोकताना वा चालताना पोटात कळ येऊ लागली, तर एरंडेल देऊ नका, घरातली गोळी देऊ नका. माणसाला सर्जनकडे न्या, आणि तीही त्याच दिवशी. अशा वेळी रेचक दिल्याने सुजलेले अपेंडिक्स फुटण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट एरवीची : ताप-पडशाला डॉक्टरने "याला प्रतिजैविकाची गरज नाही" असे सांगितले, तर त्याने कमी औषध दिले असे समजू नका. उद्याच्या आणीबाणीसाठी त्याने तुमचे औषध शिल्लक ठेवले आहे.