घरी बांधलेल्या विमानाचे दार



या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे होत आली आहेत. आम्ही आज आपल्यापुढे नुसते एक दार घेऊन उभे आहोत. दार विमानाचे, आणि विमान घरी बांधलेले. विषय लहान आहे खरा. पण त्या दाराने आमची तीन वर्षांची मेहनत आणि आमचा एकमेकांवरचा विश्वास, दोन्ही कसाला लावले होते. म्हणून तो सांगावासा वाटतो.

घरी विमान बांधणे ही कल्पना आपणास अगदीच नवी नसेल. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि 2016 साली ते प्रदर्शनात मांडले, हे पुष्कळांच्या वाचनात आले असेल. अमेरिकेत तर अशा हौशी मंडळींची संघटना 1953 साली विस्कॉन्सिन राज्यात निघाली. ऑशकोश गावी त्यांचा मोठा मेळा भरतो. त्याच राज्यात आम्ही तिघे मराठी स्नेही नोकरीनिमित्त राहत होतो. मेळा पाहून आलो आणि आम्हालाही ते वेड लागले.

तेथला नियम असा, की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी, केलेले असले पाहिजे. अखेरीस निरीक्षक येऊन विमान तपासतो. पण आपण एकेक भोक पाडतो तेव्हा तो शेजारी उभा नसतो. त्या वेळी निरीक्षक आपला आपणच. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

आमचे विमान दोन आसनांचे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, पंख माथ्यावर असलेले. दोन्ही बाजूंच्या दारांना ॲक्रिलिकचे पारदर्शक तावदान. ॲक्रिलिक म्हणजे पर्स्पेक्स किंवा प्लेक्सिग्लास या नावांनी 1930 नंतरच्या दशकात बाजारात आलेला पदार्थ. काचेच्या निम्म्याहून कमी वजन आणि काचेइतका स्वच्छ. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छत्रे याचीच होती. ती फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कण शिरले, तरी डोळा त्यांना फारसा विरोध करीत नाही, असे हॅरल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्याच्या लक्षात आले. त्यावरून त्याने 1949 च्या नोव्हेंबरात लंडनला मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात याच जातीचे भिंग बसवले. आज या सभागृहात ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत ॲक्रिलिकचेच भिंग असेल!

डोळ्यात निमूट राहणारा हा पदार्थ विमानाच्या चौकटीत मात्र मानी आहे. तो उष्णतेने ॲल्युमिनियमच्या तिप्पट फुगतो आणि थंडीत तिप्पट आकसतो. एक मीटर लांबीचे तावदान 20 अंशांवर बसवले आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली 20 पर्यंत गेला, तर ॲक्रिलिक 2.8 मिलिमीटर आखडते. चौकट मात्र 0.9 मिलिमीटरच आखडते. फरक जवळजवळ दोन मिलिमीटरांचा. तावदान मधोमध स्थिर धरले, तर दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर. आता भोक स्क्रूच्या मापाचेच असेल, तर हे तावदान जाणार कोठे? ते तडकते.

हे गणित आम्हाला येत नव्हते असे नाही. तिघेही इंजिनिअर. पण जानेवारीची रात्र होती, गॅरेज थंड होते, आणि वसंतात उडायची घाई होती. धातूला वापरतो तोच साधा ड्रिल घेतला, स्क्रूच्या मापाची भोके पाडली, आणि स्क्रू चांगले आवळून टाकले. शेवटच्या भोकांपैकी एकावर ‘कट्’ असा बारीक आवाज झाला. दोन बोटे लांबीची चीर. ती नेमकी रबराच्या पट्टीखाली येणार होती. बाहेरून कोणालाच दिसली नसती.

एक स्नेही म्हणाला, “चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडू. चीर तिथेच थांबते. विमानवाले असेच करतात.” ते खोटे नव्हते. दुसऱ्याने विचारले, “त्या दाराशी तुझ्या मुलीला बसवशील?” त्यावर कोणीच काही बोलले नाही. पण दार काढलेही नाही. टोकाला भोक पाडले, पट्टी चिकटवली आणि आम्ही घरी गेलो. श्रोतेहो, या व्याख्यानात सांगण्यास लाज वाटते असा भाग हाच.

जूनच्या पहिल्या कडक उन्हात आम्ही गॅरेज उघडले, तर त्याच तावदानाला, भलत्याच भोकापासून, वीतभर नवी चीर गेलेली. त्याला कोणी हात लावला नव्हता. थंडीत आवळून बसवलेले तावदान उन्हात फुगू पाहत होते आणि स्क्रू त्याला हलू देत नव्हते, एवढेच. उड्डाणात तर दारावर बाहेरच्या बाजूने ओढ असते. तेव्हा ते गेले असते तर? जाणकार सांगतात, की दार उघडल्याने विमान सहसा पडत नाही. वैमानिक दाराकडे पाहत बसतो आणि विमान सांभाळायचे विसरतो, म्हणून पडते. आमच्यासारख्या नवशिक्याचे तेच झाले असते.

दोन्ही दारे आम्ही उतरवली. नवी तावदाने मागवली आणि या खेपेस शिकून काम केले. तावदान खोलीत उबदार होऊ दिले. ड्रिलची धार दगडावर घासून अशी बोथट केली, की तिने चावा न घेता खरवडावे. खाली लाकडाची फळी घेतली आणि हात हलका ठेवला. भोके स्क्रूहून दोन मिलिमीटर मोठी पाडली. कडा बारीक पॉलिशपेपरने गुळगुळीत केल्या, कारण चिरेचा जन्म ओरखड्यातून होतो. पाचरीसारखे रुतणारे निमुळत्या डोक्याचे स्क्रू टाकून सपाट डोक्याचे घेतले, खाली रबरी वायसर घातले, आणि आवळल्यावर प्रत्येक स्क्रू थोडा सैल केला. पेट्रोल, ॲसिटोन, अमोनियाचे काच पुसण्याचे पाणी, यांना तावदानाजवळ फिरकू दिले नाही; त्यांनी ॲक्रिलिकवर जाळीदार भेगा उमटतात. साबणाचे पाणी आणि मऊ सुती फडके पुरते.

कोणी विचारील, न तडकणारे पॉलिकार्बोनेट का घेतले नाही? ते चिवट आहे खरे. पण त्यावर ओरखडे लवकर पडतात, आणि पेट्रोलचे त्याला आणखी वावडे. पदार्थ बदलून आपली घाई बदलत नाही.

पुढे निरीक्षक आला. त्याने दार उघडझाप करून पाहिले, कडी हलवून पाहिली आणि मान डोलावली. पट्टीखाली त्याने पाहिले नाही. जानेवारीतले दारही त्याच्या नजरेतून पार झाले असते, हे तेथे उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाच ठाऊक होते. पहिल्या वर्षी विमान उडाले, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या स्नेह्याला आम्ही आग्रहाने पुढे बसवले. हा मान त्याचा होता.

आपल्यापैकी फार थोडे लोक विमान बांधतील. पण पट्टीखाली झाकलेली चीर प्रत्येकाच्या धंद्यात असते, आणि ती उघडून पाहणारा बहुधा कोणी नसतो. आम्हाला ती उन्हाने दाखवली, हे आमचे नशीब.